कुत्र्याने खर्रा गिळला तर: गैरसमज आणि वस्तुस्थिती

अमरावती-अकोल्यात खर्ऱ्याची पन्नी कुठेही पडलेली सापडते. त्यात तंबाखू, सुपारी आणि चुना घोटलेला असतो. पिल्लू ती चघळते, कधी पन्नीसकट गिळते. मग घरचे मायेपोटी जे उपाय करतात, त्यांतले काही जिवावर बेततात.

गैरसमज: माणसे रोज खातात, कुत्र्याला काय होते?
वस्तुस्थिती: माणूस थुंकतो, कुत्रा गिळतो. वजनाच्या किलोमागे 1 मिलिग्रॅम निकोटीननेही त्याला विषबाधा होऊ शकते; 10 मिलिग्रॅमच्या आसपास गेले तर जीव जाऊ शकतो. एका सिगारेटच्या तंबाखूतच 10 मिलिग्रॅम किंवा जास्त निकोटीन असते. विझलेल्या थोटकातही ते उरते.

गैरसमज: सुपारी-चुन्याने काही होत नाही.
वस्तुस्थिती: चुन्यामुळे निकोटीन तोंडातून लवकर शोषले जाते. सुपारीतल्या अरेकोलिनने लाळ आणि जुलाब वाढतात. पन्नी आतड्यात अडकू शकते, तो धोका वेगळाच.

गैरसमज: दूध, मीठपाणी किंवा अ‍ॅसिडिटीची गोळी द्यावी.
वस्तुस्थिती: यातले काहीही देऊ नका. पोटातल्या आम्लामुळे निकोटीन सावकाश शोषले जाते. गोळी तो अडसरच काढून टाकते. मीठपाण्याने रक्तातले सोडियम धोकादायक वाढते. झटके येत असताना पाजलेले दूध फुफ्फुसात जाऊ शकते.

गैरसमज: उलटी झाली, म्हणजे विष निघाले.
वस्तुस्थिती: उलटी हे विषबाधेचेच लक्षण आहे. लाळ, अस्वस्थपणा, थरथर, झटके, श्वास मंदावणे ही लक्षणे बहुधा 15 ते 90 मिनिटांत दिसतात.

गैरसमज: निकोटीनचा च्युइंगगम औषधच आहे.
वस्तुस्थिती: त्यातही निकोटीन असते. साखरेऐवजी झायलिटॉल घातले असेल, तर कुत्र्याच्या रक्तातली साखर झपाट्याने उतरते.

मग करायचे काय? तोंडात उरलेले दिसत असेल आणि कुत्रा शुद्धीवर, शांत असेल, तरच ते बोटाने काढा. लक्षणांची वाट न पाहता पशुवैद्यकाला फोन करा. काय, किती, केव्हा खाल्ले आणि कुत्र्याचे वजन किती, हे सांगा. पन्नी सोबत न्या. उलटी करवायची की नाही, हे डॉक्टरांनाच ठरवू द्या. अकोल्यात स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था आहे. जवळच्या दवाखान्याचा नंबर आणि रात्रीची सोय आजच विचारून ठेवा.

निकोटीनवर उतारा नाही. तरी सलाईन, झटके थांबवणारी औषधे आणि श्वासाला आधार वेळेवर मिळाला, तर पहिले चार-पाच तास निभावलेले बहुतेक कुत्रे बरे होतात. म्हणून खर्रा उंचावर ठेवा, पन्नी झाकणाच्या डब्यात टाका, आणि तरीही घात झालाच तर उपायांत वेळ न घालवता दवाखाना गाठा.