मुंबईत सापडलेला दाखला

१९७८ साल. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेला टास्मानिया नावाचं बेट आहे, त्याची राजधानी होबार्ट. तिथल्या लॉर्ड मेयरांनी एका पाहुणीसाठी स्वागत समारंभ ठेवला होता. साधीसुधी पाहुणी नव्हे, गावाची लेक, हॉलिवूडची नामवंत नटी मर्ल ओबेरॉन. तिचा जन्म होबार्टचा, हे चाळीसएक वर्षं सगळ्या जगाला ठाऊक होतं. गावात तिच्या नावाचं थिएटर होतं. लोक नटूनथटून आले होते.

समारंभाला जाताना गाडीत तिने ड्रायव्हरला एक वेगळीच हकीगत सांगितली. लहानपणी वडिलांबरोबर बोटीने जाताना ते आजारी पडले, म्हणून उपचारासाठी दोघांना होबार्टला उतरवलं. काही वर्षं इथे गेली, एवढंच. समारंभात पोचल्यावर थोड्याच वेळात तिने आपण टास्मानियात जन्मलोच नाही असं सांगून टाकलं, तब्येतीचं कारण दिलं आणि ती निघून गेली. मुक्काम संपेपर्यंत तिने हॉटेल सोडलं नाही. स्वतःच्या नावाचं थिएटर पाहायलाही गेली नाही. पुढच्याच वर्षी, २३ नोव्हेंबर १९७९ ला, ती वारली.

होबार्टच्या लोकांना तिने आपण कुठल्या ते सांगितलं नाही. ते उत्तर हजारो मैलांवर, आपल्या मुंबईच्या सरकारी दप्तरात पडून होतं.

तिथल्या जन्मदाखल्याप्रमाणे तिचं नाव एस्टेल मर्ल ओब्रायन थॉम्पसन, जन्म १९ फेब्रुवारी १९११, मुंबई. घरी तिला क्वीनी म्हणत. त्याच वर्षी पंचम जॉर्ज आणि राणी मेरी अपोलो बंदरावर उतरले, ज्यांच्या आगमनाच्या स्मरणार्थ पुढे गेटवे ऑफ इंडिया उभा राहिला. लाडाचं नाव त्या राणीवरून पडलं, असं सांगतात. पुढे काही काळ ती क्वीनी ओब्रायन या नावाने वावरली आणि त्या ‘ओब्रायन’चंच ‘ओबेरॉन’ झालं. अस्सल आयरिश आडनाव नाटकी वेष घालून जगापुढे उभं राहिलं आणि कोणाला ओळखू आलं नाही.

तिचे वडील आर्थर टेरेन्स ओब्रायन थॉम्पसन हे मेकॅनिकल इंजिनीअर. इंग्लंडातल्या डार्लिंग्टनचे, नोकरी भारतातल्या रेल्वेत. रेल्वेच्या इतिहासात डार्लिंग्टन म्हणजे जवळजवळ तीर्थक्षेत्र. २७ सप्टेंबर १८२५ ला स्टॉकटन–डार्लिंग्टन मार्गावर वाफेच्या इंजिनाने गाडी ओढली आणि सार्वजनिक रेल्वेचं युग सुरू झालं. तिथून बोरीबंदर ते ठाणे, १६ एप्रिल १८५३, हे अंतर अवघं २८ वर्षांचं. १२ एप्रिल १८६७ पासून विरारहून बॅकबेपर्यंत रोज एक गाडी धावू लागली. तिच्या वेळापत्रकात आपली अंधेरी ‘अंदारू’ होती आणि वांद्रे ‘बंदोरा’. आज अंधेरीला दर दोन-तीन मिनिटांनी लोकल येते. तेव्हा एक गाडी सकाळी जायची, संध्याकाळी परतायची, आणि फलाटावर उभा असलेला स्टेशनमास्तर हा त्या गावातला सरकारइतकाच मोठा माणूस.

त्या काळी इंजिनाचे ड्रायव्हर, मेल गाड्यांचे गार्ड आणि मोठ्या स्टेशनांचे मास्तर या जागा बहुतेक गोऱ्यांकडे किंवा अँग्लो-इंडियनांकडे असत. सांधेवाले, खलाशी, गँगमन आपले. आयरिश शिपाई पलटणीतून सुटला की रेल्वेत शिरायचा, इथेच लग्न करायचा, इथेच पुरला जायचा. आडनावावर नोकरी ठरण्याचे ते दिवस होते. साष्टी-वसईच्या मूळच्या ख्रिस्ती लोकांनी, म्हणजे मरोळ, आंबोली, वांद्रे, बोरिवली इथल्या गावठाणांतल्या कुटुंबांनी, १८८७ मध्ये स्वतःसाठी ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतलं. त्यामागेही नोकऱ्यांचाच प्रश्न होता. कामासाठी मुंबईत आलेले गोवेकर आणि आपण एकाच ‘पोर्तुगीज’ खात्यात मोजले जाऊ नये, हा त्यांचा हेतू. नाव बदललं की रांग बदलते, हे आपल्या उपनगराने एस्टेल थॉम्पसनच्या जन्माआधीच ओळखलं होतं.

आर्थर थॉम्पसन १९१४ मध्ये लष्करात भरती झाले आणि पहिल्या महायुद्धातल्या सोमच्या लढाईच्या काळात आघाडीवर न्यूमोनियाने गेले. मुलगी तीन वर्षांची असताना घरातून गेलेला बाप परत आलाच नाही. मागे राहिली शार्लट सेल्बी. शार्लट सिलोनची, मिश्र रक्ताची, सावळी. मुंबईतल्या जुनाट, पडक्या खोल्यांत काही वर्षं काढून ती १९१७ ला मुलीला घेऊन कलकत्त्याला गेली. तिथे क्वीनीला ला मार्टिनिअर या शाळेत शिष्यवृत्ती मिळाली, पण वर्गातल्या मुली तिला रंगावरून इतकं टोचत की तिने शाळा सोडली. मग टेलिफोनवर काम, हौशी नाटकं, आणि १९२८ च्या सुमारास युरोप. तिथे रेक्स इंग्राम या दिग्दर्शकाने तिला चित्रपटात पहिलं छोटं काम दिलं. हा इंग्रामही मूळचा डब्लिनचा आयरिश. पुढे लंडनमध्ये अलेक्झांडर कोर्डाने तिला ‘द प्रायव्हेट लाइफ ऑफ हेन्री द एट्थ’ या १९३३ च्या चित्रपटात घेतलं आणि मर्ल ओबेरॉन जन्माला आली. त्याच सुमारास तिचं जन्मस्थानही जन्माला आलं: टास्मानिया. खूप लांब, गोऱ्यांचं, आणि तपासायला जाणार कोण? जन्माचे कागद आगीत जळाले, असं सांगून दार लावून घेतलं.

हे खोटं का बोलावं लागलं, ते समजून घ्यायला हवं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात निकाल दिला की भारतीय माणूस ‘गोरा’ नाही, म्हणून तो नागरिक होऊ शकत नाही. हॉलिवूडच्या नियमावलीत गोऱ्या आणि काळ्या माणसांचे प्रेमसंबंध पडद्यावर दाखवायला बंदी होती. मुंबईत जन्मलेली मिश्र रक्ताची मुलगी नायिका होऊच शकत नव्हती. तीच मुलगी ‘द डार्क एंजल’मधल्या कामासाठी ऑस्करच्या सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीच्या नामांकनात आली, १९३६ च्या सोहळ्यात. २०२३ मध्ये अभिनेत्री मिशेल योह यांना तेच नामांकन आणि पुरस्कार मिळाला तेव्हा लोकांना मर्लची आठवण झाली, कारण त्या नामांकनात आशियाई वंशाचं पहिलं नाव मर्लचंच होतं. तिच्या हयातीत ही बातमी कोणाला छापताच आली नसती.

आता मूळ शोधाकडे येतो.

मर्लच्या घरात एक मोठी बहीण होती, कॉन्स्टन्स. निदान जगाला तसं सांगितलं होतं. शार्लट आई, कॉन्स्टन्स ताई, क्वीनी धाकटी. कॉन्स्टन्सचं पुढे लग्न झालं, तिला चार मुलं झाली. त्या मुलांसाठी हॉलिवूडची मर्ल ही मावशी. त्यांपैकी एक मुलगा मोठेपणी कॅनडात स्थायिक झाला. त्याने मुंबईच्या सरकारी नोंदींतून मावशीच्या जन्माचा दाखला शोधून काढला. आपण सगळ्यांनी असा कागद हातात धरलेला आहे. बाळाचं नाव, तारीख, ठिकाण, वडिलांचं नाव, आईचं नाव. रकाने ठरलेले, शाईने भरलेले. त्याची नजर आईच्या रकान्यावर आली. तिथे शार्लट नव्हती.

तिथे कॉन्स्टन्स होती. त्याची स्वतःची आई.

आपल्या मराठीत नात्यांना किती नेमके शब्द आहेत! एका रकान्याने त्यांतले किती बदलले पाहा. मावशी ती बहीण झाली. ताई ती आई झाली. आई ती आजी झाली. आणि कॉन्स्टन्स तेव्हा जेमतेम बारा-चौदा वर्षांची पोर होती. शार्लटबरोबर घरात राहणारा पुरुष आर्थर थॉम्पसन, तोच त्या मुलीच्या मुलीचा बाप. अब्रू झाकायला आजीने नातीला आपली लेक म्हणून वाढवलं. शार्लटचं स्वतःचं आयुष्यही याहून वेगळं नव्हतं, असं मर्लवर लिहिणाऱ्यांनी नोंदवलं आहे. सिलोनच्या चहाच्या मळ्यावर हेन्री सेल्बी नावाचा अँग्लो-आयरिश मुकादम होता. त्याने शार्लटवर बळजबरी केली आणि चौदाव्या वर्षी तिला कॉन्स्टन्स झाली. एकोणिसाव्या शतकातल्या साम्राज्याचा तो आयरिश नोकर आणि विसाव्या शतकातला तो रेल्वे इंजिनीअर, दोघांची नावं वंशवेलीत मानाने येतात. दोन पिढ्यांतल्या दोन मुली मात्र वर्षानुवर्षं चुकीच्या नात्याखाली दडून राहिल्या. मला या साऱ्या कथेत हॉलिवूडपेक्षा कॉन्स्टन्स जास्त आठवते. पोटच्या मुलीला जन्मभर बहीण म्हणायचं, तिचं नाव सिनेमाच्या जाहिरातीत वाचायचं, आणि गप्प राहायचं.

तो मुलगा दाखला मिळाल्यावर लॉस एंजेलिसला बहिणीला भेटायला गेला. तिने भेट नाकारली. त्याने मात्र मनाचा मोठेपणा दाखवला. १९८३ मध्ये तिचं चरित्र निघालं, पण चरित्रकाराला त्याने हे सांगितलं नाही. पुढे ऑस्ट्रेलियाच्या मारी डेलोफ्स्की यांनी ‘द ट्रबल विथ मर्ल’ हा माहितीपट केला, तेव्हा कुठे, २००२ मध्ये, ही गोष्ट जगापुढे आली.

एक वस्तू मात्र कायम मर्लच्या डोळ्यांसमोर होती. शार्लट १९३७ मध्ये वारली. पाहुण्यांपुढे ती मर्लची मोलकरीण म्हणून वावरत असे, असं सांगतात. १९४९ मध्ये मर्लने शार्लटच्या जुन्या फोटोवरून एक तैलचित्र करून घेतलं आणि चित्रकाराला कातडीचा रंग उजळ करायला सांगितलं. ते चित्र तिच्या प्रत्येक घरात भिंतीवर होतं, मरेपर्यंत. रंग खोटा होता. ज्या बाईने तिला वाढवलं, तिला ती भिंतीवरून उतरवू शकली नाही.

मी मुलुंडचा. आमच्याकडे कुलवृत्तांत छापण्याची परंपरा आहे, आणि मला ती प्रिय आहे. पण त्या जाड ग्रंथांत वंश पुरुषाकडून पुरुषाकडे जातो. लेकी लग्न होऊन पानाबाहेर पडतात, सुना माहेरच्या आडनावापुरत्या येतात. कॉन्स्टन्ससारख्या मुलीला तिथे रकानाच नाही. सरकारी दाखल्यात आईचा रकाना होता, म्हणून सत्य टिकलं.

कागद कुठे टिकेल याचा नेम नसतो. डब्लिनचं सरकारी अभिलेखागार ३० जून १९२२ ला यादवी युद्धात स्फोटाने उडालं आणि एकोणिसाव्या शतकातल्या जनगणनेच्या कितीतरी वह्या राखेत गेल्या. पण मुंबई इलाख्यातल्या ख्रिस्ती बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांच्या बऱ्याच नोंदींच्या नकला दरसाल लंडनला जात, त्या आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. म्हणजे एखाद्या आयरिश स्टेशनमास्तराची गावाकडची नोंद जळाली असली, तरी त्याच्या मुंबईत जन्मलेल्या मुलाची सापडू शकते.

उपनगरातल्या वाचकाने एक गोष्ट लक्षात ठेवावी. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड ही गावं पूर्वी ठाणे जिल्ह्यात होती. मुंबई उपनगर जिल्हा १९२० मध्ये झाला. महापालिकेच्या हद्दीत अंधेरी-घाटकोपर १९५० मध्ये आले, बोरिवली-मुलुंड १९५७ मध्ये. तेव्हा पणजोबांच्या जन्माची नोंद वॉर्ड ऑफिसात मिळाली नाही म्हणून हात टेकू नका. ठाण्याला विचारा, गावठाणातल्या चर्चमध्ये बाप्तिस्म्याची वही दाखवायची विनंती करा, रेल्वेत नोकरी असेल तर पेन्शनचे जुने कागद ट्रंकेत शोधा. आणि घरातली सर्वांत म्हातारी बाई आहे तोवर तिच्याजवळ बसून आई, आजी, पणजी यांची माहेरची नावं लिहून घ्या, तारखेसकट.