मानेतली नस दाबू नका

मिरचीच्या हंगामात भिवापूरच्या सातऱ्यांवर, म्हणजे मिरची निवडायच्या जागांवर, बायका तासन्‌तास बसून देठ खुडतात. इतका वेळ बसून एकदम उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते आणि शेजारची लगेच म्हणते, "तुझ्यात रक्त कमी आहे."

रक्त कमी असूही शकतं, हिमोग्लोबिन तपासून घ्यावंच. पण उठताना येणारी क्षणभराची घेरी बहुधा वेगळ्या कारणाने येते. उभं राहताच अर्धा ते पाऊण लिटर रक्त पोटाकडे आणि पायांकडे उतरतं, हृदयाकडे परतणारं रक्त घटतं आणि दाब घसरतो. ही घसरण मानेत टिपली जाते. जबड्याच्या कोनाखाली, डोक्याकडे जाणारी मोठी धमनी जिथे दुभंगते, तिथे ती किंचित फुगीर असते. तिच्या भिंतीत मज्जातंतूंची टोकं विणलेली असतात. भिंत ताणली की ती मेंदूच्या बुडाशी जास्त संदेश पाठवतात, सैलावली की कमी. संदेश कमी झाले की मेंदू हृदयाला आवरणाऱ्या मज्जातंतूचं काम मंद करतो आणि एक-दोन ठोक्यांतच नाडी वेगावते. मग रक्तवाहिन्या आवळल्या जातात, पण त्याला काही सेकंद जास्त लागतात. घेरी येते ती याच मधल्या वेळात. ऊन, घाम आणि दिवसभर न प्यायलेलं पाणी यांमुळे हा वेळ लांबतो. म्हणून आधी पाय हलवावेत, मग सावकाश उठावं.

शरीराची ही प्रतिक्षिप्त क्रिया १९२०च्या दशकात हाइनरिख हेरिंग यांनी दाखवून दिली. ताण ओळखणारी प्रथिनं, पिएझो-१ आणि पिएझो-२, या कामात असल्याचं २०१८ मध्ये कळलं. या प्रथिनांच्या शोधासाठी आर्डेम पटापुटियन यांना २०२१चं नोबेल विभागून मिळालं.

आता धोक्याचा गैरसमज: छाती धडधडली की मानेतली नस दाबावी. दाबल्याने ठोके मंदावतात, हे खरं आहे. काही विशिष्ट धडधडीत डॉक्टर हा उपाय करतातही, पण ईसीजी लावून, धमनीचा आवाज ऐकून आणि एकाच बाजूला. घरी दाबलं तर हृदय काही क्षण थांबू शकतं. धमनीत चरबीचा थर असेल तर त्याचा तुकडा सुटून पक्षाघात होऊ शकतो. दोन्ही बाजू एकाच वेळी तर कधीच दाबू नयेत.

सगळ्यात जास्त नुकसान मात्र तिसऱ्या समजुतीने होतं. शरीर दाब सांभाळतंच, मग त्रास नसताना बीपीची गोळी कशाला? मानेतली ही यंत्रणा क्षणाक्षणाचे चढउतार सावरते. दाब दिवसेंदिवस चढाच राहिला तर ती त्यालाच नेहमीचा मानू लागते आणि तक्रार करणं थांबवते. दीर्घकाळचा दाब प्रामुख्याने मूत्रपिंडं ठरवतात. म्हणून १७०चा दाब असलेला माणूस शेतात बिनतक्रार राबू शकतो, आणि त्याच वेळी त्याच्या मेंदूच्या, डोळ्यांच्या, मूत्रपिंडांच्या वाहिन्या झिजत असतात. गोळी मनाने सोडू नये.

घेरी वारंवार येत असेल, विशेषतः वय झालेलं असेल किंवा मधुमेह असेल, तर दवाखान्यात दोनदा दाब मोजायला सांगावं: आधी आडवं असताना, मग उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत. वरचा आकडा २०ने किंवा खालचा १०ने उतरला, तर डॉक्टरांनी चालू गोळ्यांची यादी पुन्हा पाहायला हवी.