ओरलँडोमधील डिस्ने–युनिव्हर्सल स्पर्धा

डिस्ने–युनिव्हर्सल स्पर्धा ही अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यातील ओरलँडो परिसरात वॉल्ट डिस्ने वर्ल्ड आणि युनिव्हर्सल ओरलँडो या दोन संकुलांमध्ये चालू असलेली व्यावसायिक चुरस आहे. दोन्ही ठिकाणी एखादी कथा, काळ किंवा कल्पित प्रदेश यांभोवती रचलेली मनोरंजन उद्याने, म्हणजेच थीम पार्क, आहेत. सुरुवातीला ही स्पर्धा स्वतंत्र राइड्सपुरती मर्यादित होती. २०१० नंतर संपूर्ण कथाविश्व उभे करणारे विभाग हे तिचे मुख्य क्षेत्र बनले.

पार्श्वभूमी

वॉल्ट डिस्ने वर्ल्डमधील पहिले उद्यान, मॅजिक किंगडम, १ ऑक्टोबर १९७१ रोजी खुले झाले. १९८२ मध्ये एपकॉटची भर पडली. युनिव्हर्सल कंपनी १९६४ पासून कॅलिफोर्नियातील आपल्या चित्रपट स्टुडिओची सफर प्रेक्षकांना घडवत होती आणि १९८० च्या दशकात तिने तोच प्रयोग ओरलँडोत करण्याचे ठरवले. डिस्नेनेही १९८५ मध्ये चित्रपटनिर्मितीवर आधारित उद्यानाची घोषणा केली. डिस्ने-एमजीएम स्टुडिओज १ मे १९८९ रोजी, तर युनिव्हर्सल स्टुडिओज फ्लोरिडा त्यानंतर तेरा महिन्यांनी, ७ जून १९९० रोजी सुरू झाले. उद्घाटनाच्या दिवशी युनिव्हर्सलच्या किंग काँग, भूकंप आणि ‘जॉज’ या प्रमुख राइड्समध्ये तांत्रिक बिघाड झाले. १९९९ मध्ये युनिव्हर्सलने आयलंड्स ऑफ ॲडव्हेंचर हे दुसरे उद्यान उघडले.

हॅरी पॉटर विभाग

१८ जून २०१० रोजी आयलंड्स ऑफ ॲडव्हेंचरमध्ये हॅरी पॉटरच्या कथांवरील हॉग्समीड हा विभाग खुला झाला. चित्रपटांचे कलादिग्दर्शक स्टुअर्ट क्रेग यांचा त्याच्या रचनेत सहभाग होता. मुख्य राइडमध्ये यंत्रमानवाच्या भुजेवर बसवलेली आसने प्रवाशांना पडद्यांमधून आणि प्रत्यक्ष देखाव्यांमधून फिरवतात. दुकाने, खाद्यपदार्थ आणि बटरबिअर हे पेय हेही कथेचाच भाग होते. पर्यटकांनी रांगा लावून छड्या आणि झगे विकत घेतले. उद्योगसंस्थेच्या अंदाजानुसार या उद्यानाची वार्षिक पर्यटकसंख्या २००९ मधील सुमारे ४६ लाखांवरून २०११ मध्ये सुमारे ७७ लाखांवर गेली.

२०१४ मध्ये शेजारच्या युनिव्हर्सल स्टुडिओजमध्ये, बंद केलेल्या ‘जॉज’ राइडच्या जागी, डायगॉन ॲली हा विभाग सुरू झाला. दोन्ही विभागांना जोडणाऱ्या हॉगवर्ट्स एक्सप्रेस गाडीच्या खिडक्यांत जाताना आणि येताना वेगवेगळी दृश्ये दिसतात. गाडीने जाण्यासाठी दोन्ही उद्यानांचे तिकीट लागत असल्याने कथानकाचीच विक्रीला मदत झाली.

डिस्नेचे प्रत्युत्तर

हॉग्समीडच्या यशानंतर वर्षभराने, २०११ मध्ये, डिस्नेने ‘अवतार’ चित्रपटावर आधारित विभागाची घोषणा केली. पँडोरा नावाचा हा विभाग ॲनिमल किंगडममध्ये २७ मे २०१७ रोजी खुला झाला. तरंगते भासणारे पर्वत आणि रात्री उजळणारी वनस्पती ही त्याची वैशिष्ट्ये आहेत. २०१२ मध्ये लुकासफिल्म विकत घेतल्यानंतर डिस्नेने ‘स्टार वॉर्स’वरील गॅलेक्सीज एज हा विभाग उभारला. फ्लोरिडात तो २९ ऑगस्ट २०१९ रोजी सुरू झाला.

एपिक युनिव्हर्स

२२ मे २०२५ रोजी युनिव्हर्सलने एपिक युनिव्हर्स हे नवे उद्यान खुले केले. जलउद्याने वगळता, १९९९ नंतर या दोघांपैकी कोणीही ओरलँडोत नवे उद्यान उघडलेले नव्हते. मधल्या सेलेस्टियल पार्कभोवती चार विभाग आहेत: सुपर निंटेंडो वर्ल्ड, हॅरी पॉटरचे जादू मंत्रालय, ड्रॅगनकथांवरील आयल ऑफ बर्क आणि जुन्या भयपटांवरील डार्क युनिव्हर्स. प्रत्येक विभागाचे प्रवेशद्वार स्वतंत्र असून एका विभागातून दुसरा सहसा दिसत नाही.

डिस्नेने २०२३ मध्ये आपल्या उद्यान व जहाजसफर व्यवसायात दहा वर्षांत ६० अब्ज डॉलर गुंतवण्याचे जाहीर केले. २०२४ मध्ये खलनायक पात्रे, ‘कार्स’ आणि ‘मॉन्स्टर्स, इंक.’ यांवरील विभागांची घोषणा झाली.

तुलना

युनिव्हर्सलचे हॅरी पॉटर विभाग प्रामुख्याने चित्रपटांतील परिचित स्थळांची प्रतिकृती आहेत. डिस्नेने मात्र गॅलेक्सीज एजसाठी मूळ चित्रपटांत नसलेला बाटू हा ग्रह कल्पिला, जेणेकरून पर्यटकाला तेथे स्वतःची कथा घडते आहे असे वाटावे. पहिल्या पद्धतीत ओळखीचा आनंद मिळतो, तर दुसरीत शोधाचा. दुसरी पद्धत अधिक जोखमीची ठरू शकते. कथेत प्रत्यक्ष सहभाग देणारे डिस्नेचे महागडे ‘स्टार वॉर्स’ हॉटेल मार्च २०२२ मध्ये सुरू होऊन सप्टेंबर २०२३ मध्येच बंद झाले.

पात्रांच्या हक्कांतही फरक आहे. डिस्ने प्रामुख्याने स्वतःच्या मालकीच्या कथा वापरते. युनिव्हर्सल हॅरी पॉटर आणि निंटेंडो यांसाठी परवाना घेते. मार्व्हल कंपनी २००९ पासून डिस्नेकडे असली, तरी १९९४ च्या करारामुळे फ्लोरिडात हल्कसारखी पात्रे युनिव्हर्सलच्याच उद्यानात आहेत. एपकॉटमध्ये २०२२ साली सुरू झालेल्या रोलर कोस्टरसाठी डिस्नेने त्या करारामुळे अडसर न आलेल्या ‘गार्डियन्स ऑफ द गॅलेक्सी’ची निवड केली.

परिणाम आणि टीका

या स्पर्धेमुळे राइड्सचे तंत्रज्ञान आणि देखाव्यांचा दर्जा उंचावला. मात्र नव्या आकर्षणांसाठी अनेकदा जुनी आकर्षणे हटवली गेली. युनिव्हर्सलची किंग काँग राइड २००२ मध्ये बंद झाली. मॅजिक किंगडममधील १९७१ पासूनची रिव्हर्स ऑफ अमेरिका ही कृत्रिम नदी ‘कार्स’ विभागासाठी जुलै २०२५ मध्ये बंद करण्यात आली. प्रसिद्ध चित्रपटांवरील वाढत्या अवलंबनामुळे खास उद्यानासाठी रचलेल्या मूळ कल्पनांना जागा कमी उरते, असा आक्षेप घेतला जातो.

खर्च हा टीकेचा दुसरा विषय आहे. रांग टाळण्याची डिस्नेची १९९९ पासूनची मोफत सोय संपवून २०२१ मध्ये सशुल्क व्यवस्था आणली गेली. युनिव्हर्सलची अशी सेवाही सशुल्क आहे. परस्परसंवादी छडी किंवा निंटेंडो विभागातील मनगटी पट्टा यांसाठी वेगळे पैसे मोजावे लागतात. त्यामुळे एकाच तिकिटावर आत आलेल्या पर्यटकांना मिळणारा अनुभव त्यांच्या खर्चाच्या कुवतीनुसार वेगळा ठरतो.