गज न कापता

31 मार्च 2015 च्या पहाटे नागपूरच्या मध्यवर्ती कारागृहातून पाच न्यायाधीन बंदी पळाले. बराकीचे गज कापले, चादरी बांधून दोर केला आणि भिंत ओलांडली. कारागृह अधीक्षक निलंबित झाले, आतल्या झडत्यांमध्ये मोबाइल सापडत राहिले. यवतमाळला या बातमीचं अप्रूप जरा जास्तच होतं. इथल्या जिल्हा कारागृहात राहिलेल्या माणसाला लांबची शिक्षा लागली की तो नागपूरला नाहीतर अमरावतीला जातो. ती भिंत आमच्या जिल्ह्यातल्या कितीतरी घरांना पेशी आणि मुलाखतीच्या निमित्ताने पाठ आहे. टपरीवर तेव्हा प्रश्न एकच होता: आरीचं पातं आत गेलं कसं?

जेल फोडणाऱ्यांवर लिही, असं संपादकांनी सांगितलं तेव्हा माझ्याही डोक्यात आरी, गज आणि भिंतच होती. कागदपत्रं चाळत गेलो आणि चार्ल्स शोभराजपाशी अडकलो. भारतातलं सर्वात गाजलेलं पलायन त्याच्या नावावर आहे, आणि त्यात आरी कुठेच नाही. आहे ती मिठाई.

पण आधी दरवाजाबद्दल सांगायला हवं, कारण मला शोभराजपेक्षा तोच जास्त भावला. कोणत्याही मोठ्या तुरुंगाचं प्रवेशद्वार म्हणजे एका मागे एक असे दोन दरवाजे. बाहेरच्या अजस्र फाटकात एक छोटी दिंडी असते. माणूस वाकूनच आत शिरतो. मधल्या बोळात त्याची नोंद होते, झडती होते, आणि मागची दिंडी बंद झाल्याशिवाय पुढचा दरवाजा उघडत नाही. दोन्ही दरवाजे एकाच वेळी कधीही उघडे राहायचे नाहीत, हा नियम आहे. यात यंत्र असं काहीच नाही. ना तार, ना वीज. लोखंड, कुलूप आणि किल्ली धरणारा एक माणूस. तरी ही रचना इतकी चिवट आहे, की इंग्रजांच्या काळापासून आजपर्यंत तिच्यात फारसा बदल करावा लागलेला नाही. 1894 च्या कारागृह कायद्याखाली चालत आलेल्या कारभारातल्या इतर गोष्टीही अशाच साध्या: बराकी उघडताना मोजणी, बंद करताना मोजणी, आकडा जुळला नाही तर पुन्हा मोजणी, आणि गजांवर काठी मारून आवाज ऐकणं. सलग गज खणखणतो, कापलेला बद्द वाजतो. नागपूरला ज्या गजांनी दगा दिला त्यांच्यावर काठी नीट पडली असती, तर ते पाच जण बराकीतच सापडले असते, असं माझं मत आहे.

या सगळ्या व्यवस्थेचा जीव एका माणसाच्या लक्षात असतो. त्याचं काम असं, की काहीही घडलं नाही तरच ते चांगलं झालं. दहा वर्षं काही घडलं नाही म्हणून त्याला कोणी शाबासकी देत नाही. एका दुपारी काही घडलं तर मात्र भारतीय दंड संहितेच्या 223 व्या कलमात त्याच्यासाठी दोन वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद होती. पळणाऱ्यासाठी 224 व्या कलमात होती तेवढीच.

शोभराजला हे इतरांच्या आधी कळलं होतं. 6 एप्रिल 1944 रोजी सायगावमध्ये त्याचा जन्म झाला. आई व्हिएतनामी, वडील सिंधी, सावत्र बाप फ्रेंच सैन्यातला. पॅरिसमध्ये लहानपणापासून चोऱ्या आणि तुरुंग. पुढे युरोपातून काठमांडूपर्यंत येणाऱ्या हिप्पींच्या वाटेवर त्याने बस्तान मांडलं. गोड बोलायचं, आजारी पर्यटकाला औषध म्हणून गुंगीची गोळी द्यायची, पासपोर्ट आणि प्रवासी धनादेश घ्यायचे. 1975-76 मध्ये थायलंड आणि नेपाळमध्ये या लुटीच्या मागे मुडदे पडू लागले. बँकॉकमधला हर्मन क्निपेनबर्ग हा तरुण डच अधिकारी आपल्या देशाच्या दोन बेपत्ता मुलांचा शोध घेता घेता त्याच्या दारापर्यंत पोचला. तोवर शोभराज निसटला होता.

त्याच्या पळण्यांची यादी पाहिली तर एक गोष्ट डोळ्यात भरते. दिल्लीत 1971 च्या अशोका हॉटेलमधल्या जवाहिऱ्याच्या दरोड्याच्या प्रकरणात पकडला गेला तेव्हा त्याने पोटदुखीचं सोंग केलं आणि रुग्णालयातून सुटला. काबूलला पकडला गेला तेव्हा पुन्हा आजारपण, पुन्हा रुग्णालय, आणि पहारेकऱ्याला गुंगी. भिंतीशी त्याचं भांडण नव्हतंच. तो पहाऱ्यावरच्या माणसाकडे बघायचा. 1976 मध्ये हीच युक्ती त्याच्यावर उलटली. दिल्लीच्या विक्रम हॉटेलात फ्रेंच विद्यार्थ्यांच्या एका गटाला त्याने हगवणीवरचं औषध म्हणून गोळ्या वाटल्या. मात्रा चुकली, पोरं खोलीवर जायच्या आत तिथेच कोसळू लागली, आणि जे शुद्धीवर होते त्यांनी त्याला धरून ठेवलं. त्यानंतर तिहार.

तिहारमध्ये तो कैदी कमी आणि पाहुणा जास्त होता. शरीरात दडवून नेलेली रत्नं, बाहेरून येणारा पैसा, परदेशी पत्रकार, कोठडीत टीव्ही, हवं ते जेवण. पहारेकऱ्यांना त्याने विकत घेतलं असं लोक म्हणतात; मला वाटतं विकत घेण्यापेक्षा सवय लावली हे जास्त खरं. रोज तोच माणूस हसून हाक मारतो, घरची विचारपूस करतो, काहीबाही हातावर ठेवतो. दहाव्या वर्षी त्याच्या हातची मिठाई नाकारायची कोणी?

16 मार्च 1986, रविवार. जामिनावर सुटलेला त्याचा एक ब्रिटिश साथीदार वाढदिवसाचं निमित्त सांगून मिठाई आणि फळं घेऊन तिहारला आला. मिठाईत झोपेच्या गोळ्या मिसळल्या होत्या. पहारेकऱ्यांनी तोंड गोड केलं, एकेक जण आडवा झाला, आणि शोभराज आणखी काही कैद्यांना घेऊन त्या दोन्ही दरवाजांमधून चालत बाहेर पडला. बाहेर गाडी उभी होती. ना कुलूप तुटलं, ना किल्ली बनवावी लागली.

इथे मराठी वाचकाची एक अडचण होते, माझीही झाली. मिठाई आणि पलायन हे दोन शब्द एकत्र आले की आपल्याला आग्रा आठवतं. पळून जाणाऱ्याबद्दल आपल्या मनात उपजत जिव्हाळा आहे. सांगलीच्या तुरुंगातून 24 जुलै 1943 ला उडी घेणारे वसंतदादा पाटील पुढे याच राज्याचे मुख्यमंत्री झाले, त्यांच्या खांद्यात घुसलेल्या गोळीची गोष्ट आजही अभिमानाने सांगितली जाते. ती माणसं अन्यायाच्या कैदेतून निघाली होती. शोभराज निघाला तो ज्यांचे जीव घेतले त्यांच्या हिशेबातून. चित्रपट, मालिका आणि मुलाखतींनी हा फरक पुसत आणला आहे, आणि ते मला खटकतं.

म्हणून मी वळतो मधुकर झेंडे यांच्याकडे. मुंबई पोलिसांतले इन्स्पेक्टर. 1971 मध्ये मुंबईत शोभराजला पहिल्यांदा पकडलं होतं ते यांनीच. पंधरा वर्षांनी तिहारची बातमी आली तेव्हा हा चेहरा जवळून पाहिलेला आणि लक्षात ठेवलेला माणूस म्हणून पुन्हा त्यांनाच पाठवण्यात आलं. माग गोव्यापर्यंत गेला. गोवा तेव्हा केंद्रशासित प्रदेश होता, परदेशी पर्यटकांनी भरलेला. एक गोरटेला माणूस तिथे शोधायचा कसा? झेंडे यांनी हिशेब केला तो फोनचा. पळालेल्या माणसाला परदेशात बोलायची गरज पडणार, आणि 1986 मध्ये परदेशी फोन लागेल अशी ठिकाणं मोजकीच. पर्वरीचं ओ कोकेरो हे रेस्टॉरंट त्यांपैकी एक.

ते तिथे जाऊन बसून राहिले. हे बसून राहणं मला त्या सबंध प्रकरणातलं सर्वात मोठं काम वाटतं. 6 एप्रिलच्या रात्री टोपी घातलेला एक जण साथीदाराबरोबर आला. झेंडे यांनी चेहरा ओळखला, जवळ गेले आणि मागून मिठी मारून नावाने हाक मारली. बेड्या जवळ नव्हत्या, म्हणून रेस्टॉरंटमधलीच दोरी घेऊन त्याला बांधलं आणि गाडीतून मुंबईला आणलं. खोट्या वाढदिवसाच्या मिठाईवर सुटलेला शोभराज बरोबर तीन आठवड्यांनी, पुन्हा रविवारीच, आपल्या खऱ्या वाढदिवशी सापडला. त्या दिवशी तो 42 वर्षांचा झाला होता.

पुढे ओ कोकेरोमध्ये टेबलाशी बसलेला पुतळा दिसू लागला, तो शोभराजचा. झेंडे यांच्या वाट्याला 2025 मध्ये एक चित्रपट आला, मनोज बाजपेयींनी त्यांची भूमिका केली. चाळीस वर्षं उशीर झाला, पण झालं हे बरं झालं.

शोभराज पळालाच का, याचं एक उत्तर फार थंड डोक्याचं आहे. थायलंडचं त्याच्यावरचं वॉरंट वीस वर्षं चालणार होतं आणि तिथे खुनाला फाशी होती. भारतातली शिक्षा संपली असती तर त्याची रवानगी थेट बँकॉकला झाली असती. पळून पकडला गेल्यामुळे मुक्काम वाढला. 1997 च्या फेब्रुवारीत तो सुटला तेव्हा वॉरंटची मुदत उलटून गेली होती, आणि तो पॅरिसला गेला. पुढे 2003 मध्ये कुठल्या घमेंडीत काठमांडूला गेला कोण जाणे. तिथे पकडला गेला, जन्मठेप झाली, आणि वयाच्या 78 व्या वर्षी, 23 डिसेंबर 2022 ला, त्याला सोडून फ्रान्सला पाठवण्यात आलं.

आता तिहार बदललं, असं सांगतात. कॅमेरे आले, जॅमर आले, व्हिडिओवरून पेशी आली. नव्या कारागृह कायद्याचा नमुना केंद्राने 2023 मध्ये राज्यांकडे पाठवला. पण 31 ऑक्टोबर 2016 च्या पहाटे भोपाळच्या मध्यवर्ती कारागृहातून आठ जण पळाले तेव्हा त्यांनी रमाशंकर यादव या हेड कॉन्स्टेबलला गळा चिरून मारलं होतं. कॅमेऱ्यासमोरही शेवटी माणूसच असतो. तो थकतो, त्याला झोप येते.

आणि तो एकटा किती डोकी मोजणार? 2022 च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांची क्षमता 4,36,266 होती आणि आत माणसं होती 5,73,220. शंभराच्या जागी एकशे एकतीस. यांतले 4,34,302 जण, म्हणजे चारांतले तीन, शिक्षा न झालेले होते. त्यांच्यात शोभराज शोधून सापडणार नाहीत. जामीन मिळूनही जामीनदार न मिळालेले, वकील न परवडलेले, आरोपी घेऊन जायला पोलीस पथक नाही म्हणून तारीख हुकलेले असेच फार. या गर्दीत मोजणी लांबते, गजावर पडणारी काठी घाईची होते, झडती नावापुरती उरते. पहारेकरी वाढवा ही मागणी रास्तच आहे. पण ज्यांना आत ठेवायचं काहीच कारण नाही अशांनी बराक भरलेली असेल, तर वाढवलेला पहारेकरीही त्या गर्दीतच हरवतो. सुरक्षेचं बोलणाऱ्या बैठकांमध्ये भिंतीची उंची निघते, ही गर्दी निघत नाही.

कायद्यात वाट आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या 479 व्या कलमाप्रमाणे, पहिल्यांदाच गुन्ह्यात अडकलेल्या न्यायाधीन बंद्याने त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला असेल तर त्याला बंधपत्रावर सोडायचं असतं; इतरांसाठी ही मर्यादा निम्म्या काळाची आहे. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे आणि एकाहून अधिक खटले असलेले यातून वगळले आहेत. असा अर्ज न्यायालयात पाठवणं हे कारागृह अधीक्षकांचं कर्तव्य आहे. शिवाय कोठडीत असलेल्या कोणालाही, मिळकत न बघता, विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळतो. यवतमाळ, वणी, पुसद, दारव्हा, कुठल्याही गावात तुमच्या ओळखीचं कोणी आत असेल आणि तारखांवर तारखा पडत असतील, तर जिल्हा न्यायालयातल्या प्राधिकरणाच्या कार्यालयात जा. जाणं जमत नसेल तर 15100 या क्रमांकावर फोन करा. त्याला पैसे पडत नाहीत.