चोळीबांगडीचा मुलूख

तंजावरच्या भोसल्यांचा इतिहास सांगताना व्यंकोजी, शहाजी, तुळजाजी, प्रतापसिंह, सरफोजी अशी राजांची नावे ओळीने येतात. राण्या आल्याच तर कोणाची आई, कोणाची पत्नी म्हणून येतात. पण या राज्याच्या सगळ्या नाजूक वळणांवर एखादी बाई उभी आहे, आणि तिच्या शब्दाला वजन का होते हे शोधू लागले की शयनगृहातल्या कुजबुजीपाशी आपण पोचत नाही. आपण पोचतो तो महसुलाच्या हिशेबापाशी. तिच्या नावावर काय लावून दिले होते, हा प्रश्न या सगळ्या कथेत सर्वांत महत्त्वाचा आहे असे माझे मत आहे.

सुरुवात दीपाबाईंपासून करायला हवी. इंगळे घराण्यातली ही मुलगी शहाजीराजांची सून आणि व्यंकोजीराजांची राणी. 1677 मध्ये शिवाजी महाराज दक्षिणेत उतरले आणि वडिलांच्या दौलतीतला वाटा सावत्र भावाकडे मागू लागले. कोल्लिडम नदीकाठी तिरुमळवाडीला दोघांची भेट झाली. बोलणे फिसकटले आणि व्यंकोजी रातोरात तंजावरला निघून गेले. महाराज माघारी वळल्यावर त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात वालगोंडपूरजवळ व्यंकोजींच्या फौजेची महाराजांच्या सैन्याशी गाठ पडली आणि ती हरली. पुढचा तह कोणी घडवून आणला? बखरकार त्याचे श्रेय दीपाबाईंना देतात. थोरल्या भावाशी वैर धरण्यात राज्याचा घात आहे, दुखावून बाजूला झालेल्या जुन्या कारभाऱ्याला, रघुनाथपंत हणमंत्यांना, बोलवा आणि त्यांच्या मार्फत समेट करा, असे त्यांनी नवऱ्याला पटवले.

बखरींतून आलेल्या त्या तहात एकोणीस कलमे आहेत. त्यांतल्या एका कलमावर आपल्याकडे जितका विचार व्हायला हवा तितका झालेला नाही. बंगळूर, होसकोट आणि शिरे हा मुलूख महाराजांनी दीपाबाईंना चोळीबांगडीसाठी दिला. दोन लाखांचे उत्पन्न, नीट बंदोबस्त राखला तर पाच लाखांचे. त्यांच्यामागे हा मुलूख लेकींच्या वंशाकडे जावा अशीही सोय त्यात आहे. चोळीबांगडी म्हणजे सासरमाहेरच्या मायेने बाईला दिलेला खासगी खर्च. पण इथे तो तीन मोठ्या ठाण्यांसह मिळाला आहे. महाराजांनी भावजयीचा सन्मान केला हे खरेच. त्याच वेळी तंजावरच्या घरात आपला शब्द जपणारे एक स्वतंत्र माणूसही त्यांनी उभे केले. मुत्सद्द्यांच्या तहात मुत्सद्देगिरीचे मोल अशा रीतीने एका बाईच्या नावे लिहिले गेले. बंगळूर पुढे भोसल्यांच्या हाती राहिले नाही. 1687 मध्ये मोगलांनी ते घेतले आणि ते तीन लाखांना म्हैसूरच्या चिक्कदेवराजाकडे गेले.

या काळाच्या आसपास इंग्लंडच्या दरबारातही एका बाईचे वजन गाजत होते. राणी ॲनची सखी सारा चर्चिल मंत्रिमंडळे वरखाली करू शकत असे. पण ते वजन मर्जीवर उभे होते. राणीचे मन फिरले आणि 1711 च्या जानेवारीत दरबारातल्या पदांच्या किल्ल्या साराला परत कराव्या लागल्या. मर्जीला टेकलेली सत्ता आणि मुलुखाला टेकलेली सत्ता यांतला फरक ध्यानात ठेवला की तंजावरच्या पुढच्या घटना उलगडत जातात.

याच तंजावरात त्र्यंबकयज्वा नावाच्या पंडिताने ‘स्त्रीधर्मपद्धती’ हा संस्कृत ग्रंथ लिहिला. बाईने पहाटेपासून रात्रीपर्यंत पतिसेवा कशी करावी याचे बारीकसारीक नियम त्यात आहेत. तो वाचून या दरबारातल्या बाया कशा जगत असतील याची कल्पना करणारा माणूस फसेल. इतके नियम ज्यांच्यासाठी लिहावे लागले त्या बाया नियमांत मावत नसाव्यात, असे मला वाटते.

मुलुखाचा आधार नसला तर काय होते, ते सुजानबाईंच्या वाट्याला आले. 1736 मध्ये गादीवर आलेले बावासाहेब, म्हणजे दुसरे एकोजी, वर्षभरातच वारले. राणी सुजानबाईंनी कारभार हाती घेतला. कोल्हापूरच्या ताराबाईंनी नवऱ्यामागे राज्य चालवले त्याला अजून चार दशकेही झाली नव्हती, तेव्हा मराठ्यांना हे नवे नव्हते. पण ताराबाईंपाशी रणात उतरणारे सरदार होते. तंजावरात किल्ल्याची सूत्रे सय्यद नावाच्या किल्लेदाराच्या हाती होती. त्याने काट्टुराजा हा तोतया दावेदार पुढे आणला आणि सुजानबाईंना पदच्युत केले. दोन वर्षांचाही कारभार त्यांना पुरता मिळाला नाही.

त्या धामधुमीत 1739 मध्ये फ्रेंचांना कारैकल मिळाले. पुढे गादीवर आलेले प्रतापसिंह हे पहिल्या तुळजाजींच्या खड्गविवाहाच्या पत्नी अन्नपूर्णाबाईंचे पुत्र. राजाची तलवार पुढे करून लावलेल्या लग्नाची ही संतती औरस मानायची का, हा वाद इंग्रजांना सोयीचा ठरला. 1749 मध्ये त्यांनी दुसऱ्या दावेदाराची बाजू घेऊन फौज पाठवली आणि अखेर देवीकोट्टै पदरात पाडून घेतली. एका राणीचे लग्न कोणत्या विधीने लागले यावरून युरोपातल्या एका कंपनीची तटबंदी इथे उभी राहिली.

तंजावरहून रामेश्वरच्या वाटेने गेले की या बायांची नावे अजून भेटतात. निडामंगलमचे छत्र, म्हणजे यात्रेकरूंची धर्मशाळा, प्रतापसिंहांच्या राणी यमुनाबाईंच्या नावाचे. ओरत्तनाडूचे मुक्तांबा छत्र 1802 चे. मुक्तांबाबाई सरफोजींच्या विवाहित पत्नी नव्हत्या, सहचरी होत्या. आपल्या नावाने छत्र व्हावे ही त्यांची शेवटची इच्छा होती असे सांगतात. सेतूच्या यात्रेकरूंना तिथे अन्न आणि आसरा मिळे, आजाऱ्यांना औषध मिळे, मुलांना शाळा असे. छत्रांना गावे लावून दिलेली असत आणि त्या उत्पन्नावर सगळे चाले.

1799 च्या तहाने इंग्रज कंपनीने राज्यकारभार घेतला. सरफोजींना वार्षिक एक लाख पॅगोडा आणि निव्वळ महसुलाचा पाचवा हिस्सा तेवढा उरला. 1801 मध्ये त्यांनी रेसिडेंट टोरिन यांना पत्र लिहून छत्रांमध्ये काय काय होते ते तपशीलवार सांगितले आणि ही व्यवस्था आपल्याकडे राहू द्या म्हणून विनवले. त्या पत्राकडे दानधर्माची कैफियत म्हणून पाहिले जाते. माझ्या मते घराण्याची प्रजेवरची शेवटची पकड त्यात मागितली होती, आणि ती पकड राजवाड्यातल्या बायांच्या नावाने होती.

खुद्द सरफोजींची गादीही बायांच्या साथीशिवाय उभी राहिली नसती. 1787 मध्ये दुसऱ्या तुळजाजींनी दत्तक घेतलेल्या या मुलाला डावलून तुळजाजींचे भाऊ अमरसिंह गादीवर बसले. 1793 मध्ये श्वार्ट्झ पाद्र्याच्या खटपटीने सरफोजी मद्रासला हलले, तेव्हा तुळजाजींच्या विधवा राण्याही राजवाडा सोडून त्यांच्याबरोबर गेल्या. दत्तकविधान खरे की खोटे हा मुद्दा होता, आणि ज्यांच्या घरी दत्तक आले त्या राण्याच मुलाबरोबर होत्या. 1798 मध्ये सरफोजी गादीवर आले.

मग 29 ऑक्टोबर 1855 ला दुसरे शिवाजी पुत्राविना वारले. मागे अनेक राण्या आणि दोन मुली. रेसिडेंट फोर्ब्स यांनी मुलीचा वारसा मान्य करावा अशी शिफारस केली. गव्हर्नर जनरल डलहौसींनी ती फेटाळली. हिंदू राजाच्या गादीवर मुलीचा हक्क कोणत्याही कायद्याने वा रूढीने नाही, असे त्यांचे म्हणणे होते. लंडनच्या गादीवर तेव्हा अठरा वर्षे व्हिक्टोरिया राणी होती.

राज्य खालसा झाले. 1856 च्या ऑक्टोबरात त्याच फोर्ब्सनी शिपाई घेऊन राजवाड्यातला जामदारखाना, दागिने आणि खासगी मिळकतही ताब्यात घेतली. थोरल्या राणी कामाक्षीबाईसाहेब गप्प बसल्या नाहीत. त्यांनी मद्रासच्या सुप्रीम कोर्टात दावा लावला, जॉन ब्रूस नॉर्टन हे तडफदार इंग्रज वकील दिले आणि जिंकल्या. राज्य राज्याचे, पण नवऱ्याची खासगी मिळकत विधवेची, इतका साधा मुद्दा होता. पडद्यात राहणाऱ्या बाईने बलाढ्य कंपनीला इंग्रजांच्याच न्यायालयात हरवले. सत्तावनच्या आगेमागे ही केवढी गोष्ट!

अपील प्रिव्ही कौन्सिलमध्ये गेले. तोवर कंपनीचे राज्य गेले होते, म्हणून अपीलकर्ते झाले सेक्रेटरी ऑफ स्टेट. 1859 मध्ये लॉर्ड किंग्जडाउन यांनी निकाल फिरवला. ही जप्ती एका राज्याने दुसऱ्या राज्याविरुद्ध केलेले राजकृत्य आहे, ती न्याय्य की अन्याय्य हे पाहण्याचा न्यायालयाला अधिकार नाही, असे त्यांनी ठरवले. स्वतंत्र भारतात संस्थाने विलीन झाल्यावर जुन्या राजांनी दिलेल्या हक्कांवरून जे खटले सर्वोच्च न्यायालयात चालले, त्यांतही कामाक्षीबाईंच्या याच खटल्याचा आधार घेतला गेला. ज्या बाईने हक्क मागितला तिचे नाव हक्क नाकारणाऱ्या सिद्धान्ताला कायमचे चिकटले, हे मला आजही सलते.

पण हरल्या म्हणून सगळे गेले नाही. दाव्याचा गाजावाजा इतका झाला होता की 1862 मध्ये सरकारने मेहेरबानी म्हणून खासगी मिळकत राण्यांना परत दिली. राण्यांमागे ती मुलीकडे जावी असा हुकूम झाला. गादीसाठी अपात्र ठरवलेली मुलगी मिळकतीची वारस झाली. पुढे राण्यांमध्येच वाटणीवरून वाद पेटला. जिजाईअंबाबाईसाहेब विरुद्ध कामाक्षीबाईसाहेब या दाव्यात 1868 मध्ये मद्रास हायकोर्टाने निकाल दिला, की सगळ्या विधवा मिळकतीच्या सामाईक मालकीण आहेत, एक गेली की तिचा वाटा उरलेल्यांकडे जाईल, आणि कारभार पाहण्याचा पहिला मान थोरलीचा. सवतींच्या हक्कांविषयी हिंदू कायद्यात हा निकाल आधारभूत ठरला. राज्य नव्हते, फौज नव्हती, तरी राजवाड्याच्या मिळकतीचा कारभार पाहायचा मान त्या दिवसापासून कामाक्षीबाईंचा होता.