नसलेल्या कारस्थानाची कथा

१३ ऑक्टोबर १३०७ रोजी फ्रान्सचा राजा चौथा फिलिप याने टेम्पलर या लष्करी धर्मसंघाच्या आपल्या राज्यातील सभासदांना एकाच दिवशी कैद करविले. १३१२ मध्ये पोप पाचवे क्लेमंट यांनी हा संघ बरखास्त केला आणि १३१४ मध्ये त्याच्या अखेरच्या प्रमुखाला पॅरिसमध्ये जिवंत जाळण्यात आले. राजा या संघाचा ऋणको होता, एवढे सांगितले म्हणजे बराचसा उलगडा होतो. परंतु एवढ्या साध्या कारणाने मनुष्याचे मन भरत नाही. टेम्पलरांनी कोणते रहस्य मागे ठेवले, ही कुजबुज आजही चालूच आहे.

इटालियन लेखक उंबेर्तो एको (१९३२–२०१६) यांची ‘फूकोचा लंबक’ ही १९८८ सालची कादंबरी याच कुजबुजीवर उभी आहे. मिलान शहरातील एका प्रकाशनसंस्थेतील तिघे मित्र गूढविद्येची बाडे वाचून विटलेले असतात. टेम्पलरांचा म्हणून हाती आलेल्या एका त्रुटित कागदाच्या आधारे ते निव्वळ थट्टेने जगद्व्यापी कटाची एक ‘योजना’ रचतात. त्यांचा नियम सोपा आहे: कोणतीही गोष्ट कोणत्याही गोष्टीशी जोडता येते! पुढे एकाची सहचरी लिया तोच कागद वाचते आणि सांगते की, गवताच्या गाड्या, कापड व गुलाब कोठे पोहोचवावयाचे याची ही एका व्यापाऱ्याची यादी आहे. कादंबरीतील सर्वांत शहाणे माणूस मला तीच वाटते.

परंतु तोपर्यंत उशीर झालेला असतो. गूढाचे वेड लागलेल्या मंडळींनी ‘योजना’ खरी मानलेली असते. तिचे रहस्य सांग, म्हणून ती बेल्बोच्या मागे लागतात. रहस्यच नसल्यामुळे त्याच्यापाशी सांगण्यासारखे काही नसते, आणि नकार म्हणजेच पुरावा ठरतो. पॅरिसच्या एका संग्रहालयात लंबकाच्याच तारेने त्याला फाशी दिली जाते. जुन्या ऐतिहासिक कादंबरीत कट शेवटी उघडकीस येतो. या उत्तर-आधुनिक कादंबरीत कट नव्हताच, हे उघडकीस येते, आणि माणूस मात्र खरोखर मरतो.

हा केवळ कल्पनाविलास नव्हे. ज्यू लोक जग जिंकण्याचा कट करीत आहेत, असे सांगणारे ‘प्रोटोकॉल्स’ १९०३ मध्ये रशियात छापले गेले. त्यातील मजकूर १८६४ च्या एका फ्रेंच राजकीय उपहासग्रंथातून उचललेला आहे, हे लंडनच्या ‘टाइम्स’ने १९२१ मध्ये सप्रमाण दाखविले. तो मूळ ग्रंथ तर तिसऱ्या नेपोलियनवर रोखलेला होता! तरीही हिटलरने उलटाच निष्कर्ष काढला: वृत्तपत्रे याला बनावट म्हणतात, म्हणूनच ते अस्सल. बेल्बोला मारणाऱ्यांचा तर्क याहून निराळा नव्हता.

एकोंनी २०१० मध्ये ‘प्रागमधील दफनभूमी’ या कादंबरीत या बनावट लेखनाचीच कथा सांगितली. तिचा ज्यूद्वेष्टा नायक सिमोनीनी तेवढा कल्पित. भोवतालची बहुतेक पात्रे इतिहासातील आहेत. नायकाच्या तोंडचे विष एखादा वाचक खरेच मानील, अशी शंका तेव्हा इटलीत घेतली गेली. मला ती पोकळ वाटत नाही. ‘प्रोटोकॉल्स’चे पितळ उघडे पडून शंभर वर्षे लोटली, आणि तरीही ते अद्याप छापले जातात.