समुद्रात बुडणारा पुतळा, गच्चीवर लटकणारी बस! इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या भन्नाट गॅलऱ्या

आर्ट गॅलरी म्हटलं की काय आठवतं? पांढऱ्या भिंती, कुजबुजणारी माणसं आणि ‘हात लावू नये’ची पाटी? मग चला, इंग्लंडच्या आग्नेय किनाऱ्यावर! केंटपासून ससेक्सपर्यंत एकेका गावात एकेक कलाघर आहे आणि प्रत्येकाकडे सांगायला एकेक भारी किस्सा. सीट बेल्ट बांधा, निघालो!

पहिला स्टॉप, मार्गेट. माहीत आहे का? इथली ‘टर्नर कंटेम्पररी’ ही गॅलरी आधी चक्क समुद्रातच उभी राहणार होती! नॉर्वेच्या स्नोहेटा या फर्मने डिझाइनमध्ये लाटांशी दोन हात करण्याची तयारी केली होती. पण खर्चालाच अशी भरती आली की 2006 मध्ये बेत बारगळला. मग डेव्हिड चिपरफील्ड यांनी तिला किनाऱ्यावर आणलं आणि 2011 मध्ये दारं उघडली. प्रवेश फ्री!

आणि जागा कोणती मिळाली, माहीत आहे का? जिथे एकेकाळी सोफिया बूथ यांचं लॉजिंग होतं, तीच. समुद्र आणि आकाश रंगवणारा जगप्रसिद्ध चित्रकार जे. एम. डब्ल्यू. टर्नर मार्गेटला आला की त्यांच्याकडेच उतरायचा. पुढे तो लंडनमधल्या चेल्सीत बूथबाईंबरोबर राहू लागला आणि तिथल्या शेजाऱ्यांमध्ये ‘अ‍ॅडमिरल बूथ’ म्हणून ओळखला जाऊ लागला. लाटा रंगवणाऱ्याला लोक आरमारातला बडा अधिकारी समजत होते!

टर्नरच्या नावाचा पुरस्कार म्हणजे ब्रिटिश कलाविश्वातला सगळ्यात गाजणारा. 2019 मध्ये तो सोहळा मार्गेटलाच आला आणि मोठा ट्विस्ट घडला. अंतिम फेरीतल्या चौघांनी परीक्षकांना कळवलं, की आम्हाला एकमेकांविरुद्ध उभं करू नका, बक्षीस चौघांना मिळून द्या. परीक्षकांनी मानलं! 40,000 पौंडांचे सरळ चार भाग झाले. मला विचाराल तर त्या पुरस्काराच्या इतिहासातला हा सगळ्यात देखणा क्षण.

आता गॅलरीच्या खिडकीतून बाहेर बघा. खडकावर एक लोखंडी माणूस उभा आहे. थांबा, आता नाही! अँटनी गॉर्मली यांचा हा पुतळा ओहोटीला दिसतो आणि भरतीला पाण्याखाली जातो. म्हणजे पुतळा बघायचा तर गॅलरीची वेळ नंतर, समुद्राची वेळ आधी!

पुढचं स्टेशन फोकस्टन. इथे अख्खं गाव म्हणजेच गॅलरी! दर काही वर्षांनी होणाऱ्या ट्रिएनाले या कलाप्रदर्शनासाठी कलाकार गावभर कलाकृती मांडतात आणि त्यातल्या बऱ्याच कायमच्या तिथेच राहतात. ट्रेसी एमिन यांच्या कलाकृती तर नीट शोधाव्या लागतात. बाळाचा मोजा, टोपडं अशा वस्तू, कुणीतरी वाटेत पाडल्यासारख्या. उचलायला जाल तर निघतात ब्राँझच्या!

वाळू रगडली तर तेल निघतं म्हणतात. फोकस्टनला सोनं निघालं! 2014 मध्ये जर्मन कलाकार मिखाएल झाइलश्टोर्फर यांनी बंदराजवळच्या किनाऱ्यावर सोन्याच्या 30 लहान कांड्या पुरल्या. एकूण किंमत 10,000 पौंड आणि नियम एकच: ज्याला सापडेल त्याची! किनारा ओहोटीलाच उघडा पडायचा. पाणी सरकलं की फावडी, बादल्या आणि मेटल डिटेक्टर घेऊन आजोबा-नातवंडांसकट सगळे हजर. कलाप्रदर्शनाला फावडं घेऊन जायचं, अशी संधी पुन्हा कधी मिळणार?

त्याच गावात, समुद्राकडे तोंड करून, एक चौकोन साध्या गोट्यांनी भरला आहे. प्रत्येक गोट्यावर एक आकडा. मार्क वॉलिंजर यांनी 2008 मध्ये रचलेल्या या गोट्या आहेत 19,240. पहिल्या महायुद्धात सोमच्या लढाईच्या पहिल्याच दिवशी, 1 जुलै 1916 रोजी, ब्रिटिश सैन्याने इतकी माणसं गमावली. याच बंदरातून लाखो सैनिक फ्रान्सला रवाना झाले होते. इथे पावलं आपोआप थांबतात.

चला, हेस्टिंग्ज! इथे मच्छीमार होड्या बंदरात नांगरत नाहीत, थेट किनाऱ्यावर ओढून घेतात. असा युरोपातला सगळ्यात मोठा ताफा इथलाच. शेजारी जाळी ठेवायची उंचच उंच काळी लाकडी खोपटी. जागा कमी, म्हणून वर वर बांधलेली. 2012 मध्ये याच वस्तीत गॅलरी आली आणि तिनेही काळ्या टाइल्सचा पोशाख चढवला. शेजाऱ्यांशी मॅचिंग नको? आधी गावातून बराच विरोध झाला होता. आज ती ‘हेस्टिंग्ज कंटेम्पररी’ म्हणून ओळखली जाते.

आणि 2020 चा लॉकडाउन? गॅलरीला कुलूप, पण आत एक रोबो फिरतोय! चाकांवरच्या स्क्रीनमधून लोक घरबसल्या चित्रं बघत होते. आजारपणामुळे ज्यांना एरवीही घराबाहेर पडता येत नाही, त्यांच्यासाठी ही फार मोठी गोष्ट होती. असा रोबो प्रत्येक गॅलरीत हवा.

बस! आता ‘बस’ बघा. बेक्सहिलचं ‘डी ला वॉर पॅव्हिलियन’ 1935 मध्ये उभं राहिलं. गावाचा महापौर होता एक समाजवादी उमराव. त्याला सर्वसामान्यांसाठी समुद्रकाठी हवेशीर कलाघर हवं होतं. आर्किटेक्ट कोण? हिटलरच्या जर्मनीतून निसटलेले एरिक मेंडेलसोन आणि रशियात जन्मलेले सर्ज शेर्मायेफ. या इमारतीच्या गच्चीच्या काठावर 2012 मध्ये रिचर्ड विल्सन यांनी एक अख्खी बस ठेवली होती. अर्धी आत, अर्धी हवेत! ‘द इटालियन जॉब’ सिनेमाचा शेवट आठवतोय ना? तोच सीन, फुल साइझमध्ये.

ईस्टबोर्नची ‘टाउनर’ गॅलरी 1923 पासूनची, पण आताची इमारत 2009 ची. ती लांबूनच ओळखू येते, कारण 2019 मध्ये लोथार ग्योट्झ यांनी तिच्या बाहेरच्या भिंतींवर झगझगीत तिरक्या पट्ट्यांचा धुमाकूळ घातला. आत खरा खजिना आहे एरिक रॅव्हिलियस यांच्या जलरंगांचा. माहीत आहे का? युद्धचित्रकार म्हणून गेलेले रॅव्हिलियस 1942 मध्ये आइसलँडजवळ विमानासह बेपत्ता झाले. त्यांची कितीतरी चित्रं मित्र एडवर्ड बॉडन यांच्या पलंगाखाली वर्षानुवर्षं पडून होती! पलंगाखाली डोकावत जा, मंडळी.

ब्रायटन! इथल्या म्युझियममध्ये चक्क ओठांचा सोफा आहे. साल्वादोर दाली आणि ससेक्सचे धनिक एडवर्ड जेम्स यांनी 1930 च्या दशकात हॉलिवूडस्टार मे वेस्टच्या ओठांवरून तो बनवून घेतला. लालचुटुक! आणि मे महिन्यात तर या शहरातले कलाकार आपल्या घराची दारंच उघडतात. दिवाणखान्यात चित्रं, परसात शिल्पं आणि शेजारी स्वतः चित्रकार गप्पा मारायला.

आता कान टवकारा, मुंबईकर. 2009 च्या ब्रायटन फेस्टिव्हलची सूत्रं होती मुंबईत जन्मलेले शिल्पकार अनिश कपूर यांच्याकडे. जुन्या चर्चमध्ये थाटलेल्या ‘फॅब्रिका’ गॅलरीत तेव्हा त्यांचं आणि लेखक सलमान रश्दींचं एकत्र काम मांडलं होतं. रश्दी जन्माने कुठले? मुंबईचेच!

त्याच फेस्टिव्हलसाठी शहराबाहेरच्या टेकडीवर कपूर यांनी ठेवला होता एक भलामोठा वळलेला आरसा. एका बाजूने जग सुलट, दुसऱ्या बाजूने उलट. जागा मात्र त्यांनी फार विचाराने निवडली होती. पहिल्या महायुद्धात जखमी भारतीय सैनिकांसाठी ब्रायटनच्या शाही पॅव्हिलियनचं हॉस्पिटल झालं होतं. तिथे दगावलेल्या हिंदू आणि शीख जवानांवर या टेकडीवर अंत्यसंस्कार झाले. त्यांच्या स्मरणार्थ तिथे संगमरवरी छत्री 1921 पासून उभी आहे आणि तिचा आराखडा काढला होता ई. सी. हेन्रिक्स या मुंबईच्याच तरुण आर्किटेक्टने. ब्रायटनला गेलात तर ओठांचा सोफा चुकला तरी चालेल, ही छत्री चुकवू नका.

लास्ट स्टॉप, चिचेस्टरचं ‘पॅलंट हाउस’. 1712 मधल्या या वाड्याच्या फाटकावर दोन दगडी शहामृग बसलेत. पण ते असे काही घडलेत की गावकरी म्हणाले, हे तर डोडो! झालं, वाड्याचं नाव पडलं ‘डोडो हाउस’.

आणि गॅलरीच्या आत आणखी गॅलऱ्या! 1934 मध्ये सिडनी बर्नी या कलाव्यापाऱ्याने बाहुलीच्या घराएवढी एक गॅलरी बनवली. त्यात हेन्री मूर, पॉल नॅश, व्हेनेसा बेल अशा दिग्गजांनी खास तिच्या मापाची चिमुकली कामं करून दिली. 2021 मध्ये नवी मिनी गॅलरी आली. त्यात डेमियन हर्स्ट, लुबैना हिमिद यांच्यासह अनेकांच्या मिळून 80 हून अधिक कलाकृती. सगळ्या ओरिजिनल! जाताना भिंग न्यायला विसरू नका.